टायर फिरतात, गाडी हलत नाही: रोजच्या टायरवर ड्रॅग लाँच कसा सुधारायचा

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली टर्बो पेट्रोल गाडी, पुढची चाकं ओढणारी, खाली रोज ऑफिसला नेतो तेच टायर. हिरवा दिवा लागतो, क्लच सुटतो, टायर किंचाळतात, काटा लाल पट्ट्याला भिडतो, आणि शेजारच्या लेनमधली कमी ताकदीची गाडी दोन गाड्यांच्या अंतराने पुढे निघून गेलेली असते. पुढच्या फेरीला माणूस सावध होतो, रेस कमी देतो, तर गाडी ढेपाळते. तिसऱ्या फेरीला पुन्हा धूर. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या व्हॅली रनला, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत धावायच्या ड्रॅग स्पर्धेला, जाऊन आलेल्या बऱ्याच जणांची हीच रड असते. आणि घरी आल्यावर पहिला फोन ट्यूनरला जातो: "अजून वीस बीएचपी निघतील का?"

नका काढू. आधी एक हिशोब बघा.

ड्रायव्हर धरून गाडीचं वजन १४५० किलो समजा. त्यातलं ६० टक्के, म्हणजे ८७० किलो, उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर असतं. गाडीने जोर धरला की नाक वर उठतं आणि वजन मागे सरकतं. हे सरकणारं वजन गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर यांच्या प्रमाणावर ठरतं. साध्या हॅचबॅक-सेडानमध्ये हे प्रमाण ०.२ च्या आसपास धरायला हरकत नाही. त्या हिशोबाने साधारण १३० किलो पुढून मागे जातात. पुढे उरतात ७४० किलो. कोरड्या डांबरावर बऱ्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला, तर दोन्ही टायर मिळून रस्त्याला जास्तीत जास्त ६६० किलोचा धक्का देऊ शकतात. त्याच्या वर एक ग्रॅमही नाही.

आता इंजिनाची बाजू. टॉर्क ३०० न्यूटनमीटर. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून १४ पट, मधले तोटे १० टक्के, चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर. टायरच्या पायाशी येणारा जोर भरतो १२४० किलोच्या घरात. म्हणजे इंजिन देतंय १२४०, टायर पेलतोय ६६०. पहिल्या गिअरमध्ये तुम्हाला ३०० पैकी फक्त १६० न्यूटनमीटर कामाचे आहेत. बाकीच्यांचा नुसता धूर होतो. दुसऱ्या गिअरला गुणक ८ वर आला की तोच जोर ७१० किलो होतो, म्हणजे टायरच्या मर्यादेच्या जवळपास. म्हणून दुसऱ्यात गाडी "अचानक पकडते" असं वाटतं. त्यात अचानक काहीच नसतं.

तेव्हा पुढे जे काही सांगितलंय त्याची खरी कामं दोनच: टायरची ६६० ची मर्यादा थोडी वर नेणं, आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनाला त्या मर्यादेच्या आत ठेवणं. दुसरं काम फुकट होतं आणि फरकही त्यानेच जास्त पडतो.

आधी चिठ्ठी वाचा

फेरी झाल्यावर हातात येणाऱ्या टाइमिंगच्या चिठ्ठीवर लोक शेवटचा आकडा बघतात आणि फोटो काढून ग्रुपवर टाकतात. बघायचा असतो तो पहिला आकडा, म्हणजे ६० फुटांचा वेळ. पाव मैल म्हणजे १३२० फूट, आपले ४०२ मीटर. त्यातले पहिले ६० फूट म्हणजे जेमतेम १८ मीटर. पण या १८ मीटरमध्ये ०.१ सेकंद वाचला, तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात, कारण सुरुवातीला मिळवलेला वेग तुम्ही पुढचं सगळं अंतर सोबत घेऊन जाता.

वरच्या हिशोबातल्या गाडीचा ६० फुटांचा कागदी वेळ (घड्याळ सुरू होण्याआधीचा पहिला फूट वगळून, त्याबद्दल शेवटी) सुमारे २.५ सेकंद निघतो. घर्षणांक ०.९ चा १.० झाला, तर तो २.४ च्या खाली उतरतो. पुढची चाकं ओढणारी गाडी रोजच्या टायरवर २.३ ला आली, तर तुमचं काम चांगलं झालंय असं समजा. २.७-२.८ दिसत असेल, तर गडबड लाँचमध्ये, म्हणजे गाडी सुटतानाच्या क्षणांत, आहे आणि इंजिनावर खर्च करण्यात अर्थ नाही.

चिठ्ठीवर ६० फूट नसतील, फक्त एकूण वेळ आणि शेवटचा वेग असेल, तरी निदान होतं. एकूण सेकंद गुणिले ताशी किलोमीटरमधला शेवटचा वेग, असा गुणाकार करा. ताकद कितीही असो, नीट निघालेल्या गाडीचा हा गुणाकार २२०० च्या आसपास येतो. ताकद वाढली की वेळ कमी होतो आणि वेग वाढतो, त्यामुळे गुणाकार फारसा हलत नाही. समजा १५.३ सेकंद आणि ताशी १५४ किलोमीटर आहेत. गुणाकार २३५६. ताकद पुरेशी आहे, नाहीतर १५४ आलेच नसते. वेळ गेलाय तो सुरुवातीला. उलट १५.३ आणि १४४ असेल तर गुणाकार २२०३, म्हणजे लाँच ठीक आहे आणि आता ट्यूनरला फोन करायला हरकत नाही.

नेमकं काय होतंय ते ओळखा

"ट्रॅक्शन मिळत नाही" या एका वाक्यात किमान चार वेगळे आजार दडलेले असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. शक्यतो मित्राला बाजूला उभं करून पुढच्या चाकाचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्यायला सांगा. आत बसलेल्याला जे वाटतं आणि बाहेर जे होतं, त्यात बराच फरक असतो.

काटा झपकन वर गेला आणि आवाज सलग आला, तर तो सरळसोट व्हील स्पिन. काटा धाडकन खाली पडला, इंजिन घुसमटल्यासारखं झालं आणि गाडी सेकंदभर विचार करत बसली, तर टायरने पकडलं पण इंजिन दबलं. बॉनेट थडथडलं, स्टिअरिंगमधून हातोडे बसल्यासारखे धक्के आले, तर तो व्हील हॉप. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण तो गाडी मोडतो. आणि रस्त्यावर एकच काळा पट्टा उमटला, तर डिफरन्शिअलचा, म्हणजे दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या गिअरचा, मामला आहे.

स्पिन कधी सुरू होतो हेही बघा. टर्बो गाड्यांमध्ये बऱ्याचदा सुटताना टायर पकडतात, गाडी पाच-सात मीटर छान जाते आणि मग बूस्ट (टर्बोचा दाब) आला की सुटतात. अशा वेळी लोक लाँचचा आरपीएम कमी करत बसतात. लाँच ठीकच होता. त्यानंतर पाय खाली दाबलेला राहिला, ते नडलं.

पायाचं काम

मॅन्युअल गाडीत क्लच म्हणजे बटण नव्हे. एकदम सोडला की सगळा टॉर्क, शिवाय फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर, एका क्षणात टायरवर आदळतो. टर्बो पेट्रोलसाठी २२०० ते २५०० आरपीएमवर सुरुवात करून बघा. अर्ध्या क्लचवर गाडी हलवा, पहिल्या एक-दोन गाड्यांच्या लांबीत क्लच पूर्ण सोडा आणि तोवर रेस निम्म्याच्या आत ठेवा. गाडी चालती झाली की पाय हळूहळू खाली न्या, पण पहिल्या गिअरमध्ये पूर्ण दाबू नका. दुसरा पडला की मग दाबा. टर्बो नसलेली गाडी असेल, तर खालचा टॉर्क कमी असतो, तिथे ३०००-३५०० ने सुरुवात करावी लागते, नाहीतर ती बसते.

टायरला सर्वात जास्त पकड मिळते ती थोडी घसर असताना. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त असतो तेव्हा पकड शिखरावर असते. त्यापुढे गेलात की ती उतरायला लागते, रबर तापतं, चोपडं होतं आणि मग नुसती रेस कमी करूनही पटकन परत येत नाही. कानाने ओळखायचं तर हलकी कुरकुर चांगली, सलग किंकाळी वाईट. किंकाळी सुरू झालीच तर पाय पूर्ण उचलू नका, पाव भाग उचला. पूर्ण उचलला की बूस्ट पडतो, नाक खाली येतं आणि पुन्हा दाबेपर्यंत फेरी गेलेली असते.

डीएसजीवाल्यांनी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आपला गिअरबॉक्स कोणता ते आधी तपासावं. सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा असेल आणि लाँच कंट्रोल दिलेला असेल, तर ईएसपी (घसर आवरणारी यंत्रणा) स्पोर्टवर किंवा बंद, गिअर एस मध्ये, डाव्या पायाने ब्रेक घट्ट, उजव्याने रेस पूर्ण, आरपीएम थांबला की ब्रेक झटकन सोडा. अडचण अशी की कारखान्याने ठरवलेला तो आरपीएम मूळ टॉर्कसाठी असतो. रिमॅपनंतर तोच आरपीएम टायरला जड जातो. चांगला ट्यूनर लाँचचा आरपीएम खाली आणू शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या गिअरपुरता टॉर्क मर्यादित करू शकतो. रिमॅप करून घेताना हे मागून घ्या. बहुतेक जण मागत नाहीत, कारण डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर ते दिसत नाही.

सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी असेल, तर ब्रेकवर धरून रेस देण्याचा नाद सोडा. तो गिअरबॉक्सच २५० न्यूटनमीटरसाठी बनवलेला आहे आणि क्लचची उष्णता बाहेर काढायला तिथे तेल नाही. ब्रेक सोडा, गाडीला अर्धा मीटर सरकू द्या, मग दाबा. दोन-तीन दशांश जातील, क्लच पॅक राहील. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकला ब्रेकवर थोडी रेस धरून ठेवणं चालतं, पण तीन-चार सेकंदांच्या वर नाही. आतलं तेल फार लवकर तापतं.

ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचा की बंद, यावर दोन तट आहेत. गाडीगणिक उत्तर बदलतं. जुन्या किंवा स्वस्त सिस्टिमा उशिरा जाग्या होतात आणि जाग्या झाल्या की इंजिनाचा गळाच धरतात. तिथे बंद बरा. नवीन गाड्यांमध्ये स्पोर्ट मोडला बऱ्यापैकी घसर चालू देतात. पाय कच्चा असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल चालूच असू द्या. दोन्ही तऱ्हेने धावून ६० फुटांचा आकडा बघितला की वाद मिटतो.

हवा

पंक्चरवाल्याकडच्या मीटरवर विसंबून या कामात पडू नका. स्वतःचा गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसरही डिकीत हवाच.

समजा कंपनीने ३३ पीएसआय सांगितलेत. ओढणाऱ्या पुढच्या टायरांत ३० पासून सुरुवात करा, मग दोन-दोनने खाली या: २८, २६. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, रबर खडबडीत पृष्ठभागात जास्त बसतं. पण रोजच्या रेडिअल टायरला ही उतरंड फार मानवत नाही. त्याच्या कडा आणि पट्टा गाडी वळवण्यासाठी, पावसासाठी, हजारो किलोमीटरसाठी घडवलेले असतात. २५-२६ च्या खाली गेलात की मधला भाग आत दबतो, वजन दोन्ही कडांवर जातं आणि पकड परत कमी होते. ड्रॅग रेडिअल, म्हणजे ड्रॅगसाठीच बनवलेले मऊ टायर, १६-२० पीएसआयवर चालतात, बिननक्षीचे स्लिक त्याहूनही खाली. ते आकडे वाचून आपल्या टायरमधली हवा तिथवर उतरवणारे असतात. पाव मैलाच्या शेवटी गाडी दीडशेच्या वर असते आणि तिथे कमी हवेचा रोजचा टायर ही भलती जोखीम आहे.

मागच्या टायरांत उलट करा. ३६-३८ ठेवा. ती चाकं नुसती मागून येतात, जितकी सहज फिरतील तितकं बरं. टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर मात्र जाऊ नका.

इथे लोक हमखास फसतात ते तापमानात. दर १० अंश सेल्सियसला टायरमधली हवा सुमारे दीड पीएसआयने बदलते. जानेवारीत सकाळी सात वाजता गारठ्यात २८ करून ठेवलेला टायर दुपारी उन्हात आणि दोन फेऱ्यांनंतर ३२ दाखवतो. सकाळचा लाँच चांगला होता, दुपारी बिघडला, तर आधी गेज लावा. दर फेरीच्या आधी, रांगेत असतानाच मोजा. आणि डाव्या-उजव्या टायरमध्ये अर्धा पीएसआयही फरक नको, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

टायर स्वतः

टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२वा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो आणि त्याच्यावर कुठलीही युक्ती चालत नाही. दुसरा आकडा ट्रेडवेअरचा. ४००-५०० वाला टायर जास्त टिकतो, २००-३०० वाला जास्त चिकटतो. हे आकडे कंपन्या स्वतःच देतात, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करू नका, पण एकाच कंपनीच्या दोन टायरांत दिशा कळते. त्याच्या शेजारचं ए किंवा डबल ए हे अक्षर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचं असतं. ड्रॅगमध्ये त्याच्याकडे बघून काही कळत नाही.

रुंद टायर घातला की झालं, हा समज अर्धाच खरा. रुंदीने उष्णता बरी विभागली जाते, थोडा फायदा होतो, पण मऊ रबराचा १९५ हा कडक रबराच्या २२५ ला सहज मागे टाकतो. मोठ्या रिमचा नाद तर उलटा पडतो. १८ इंची अलॉय, त्यावर पातळ टायर म्हणजे लाँचचा धक्का पचवायला भिंतच उरत नाही. शक्य असेल आणि ब्रेक कॅलिपर आत बसत असतील, तर एक इंच लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर, बाहेरचा व्यास तेवढाच राखून, हा या कामासाठी सरळ उपाय आहे. गाडी दिसायला मार खाते, हे खरं.

अर्धी झिजलेली नक्षी कोरड्या डांबरावर नव्यापेक्षा बरी पकडते, कारण रबराचे ठोकळे कमी डुलतात. पण त्याच टायरांवर जुलैत घाट उतरायचा असतो, हे विसरू नका. १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान मर्यादा आहे आणि सह्याद्रीतल्या पावसासाठी तीही अपुरीच.

खालची जमीन

अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर सुरुवातीच्या पट्ट्यात चिकट रसायन फवारतात, त्यावर रबर घासून थर चढवतात. बूट घालून चाललात तर बूट चिकटतो. तिथल्या व्हिडिओंमधले ६० फुटांचे आकडे बघून आपल्याकडच्या धावपट्टीवर तीच अपेक्षा ठेवू नका. विमानं उतरायला बांधलेल्या पट्टीवर धूळ असते, बारीक खडी असते, आणि पकड तासातासाला बदलते. सकाळी पहिल्या फेऱ्यांना धूळ जास्त, नंतर गाड्या धावून धावून दोन पट्टे साफ होतात आणि त्यांवर थोडं रबर बसतं. शक्य असेल तर रांगेत थोडं मागे राहा. चालत जाऊन सुरुवातीची जागा बघून या. काळे पट्टे कुठून कुठे गेलेत ते बघा आणि गाडी अशी लावा की पुढची दोन्ही चाकं त्यांवर येतील. वीस सेंटिमीटर इकडे-तिकडे झाल्याने एक चाक धुळीत जातं, आणि उघड्या डिफरन्शिअलमध्ये एका चाकाची पकड गेली की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. एक काळा पट्टा उमटण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

बर्नआउट. रोजच्या टायरला दोन सेकंदांचा कोरडा स्पिन पुरे, तोही धूळ-खडी झाडण्यापुरता. धुराचे लोट काढून टायर "गरम" करणं हे स्लिक आणि ड्रॅग रेडिअलचं काम. रोजच्या टायरचं रबर जास्त तापलं की वरचा थर तेलकट होतो आणि पकड वाढायच्या ऐवजी जाते. न्यू जर्सी-टेक्सासकडे टेस्ट अँड ट्यूनच्या (सरावाच्या) संध्याकाळी गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक सूचना: तिथल्या वॉटर बॉक्समध्ये, म्हणजे टायर ओले करायच्या पाण्याच्या जागेत, नक्षीवाले टायर घालू नका, वळसा घालून पुढे जा. नक्षीच्या चरांमध्ये पाणी भरतं, ते तुम्ही सुरुवातीच्या रेषेवर नेऊन सांडता, आणि मागचे लोक जे बोलतात ते इथे लिहिता येत नाही.

व्हील हॉप: हा दुर्लक्षण्यासारखा आजार नाही

टायर पकडतो, बुश आणि माउंटिंग पिळतात, पिळ सहन होत नाही म्हणून टायर सुटतो, पिळ उलगडतो, टायर पुन्हा पकडतो. हे सेकंदाला दहाएक वेळा चालतं. प्रत्येक पकडीला ड्राइव्ह शाफ्टवर हातोडा बसतो. सीव्ही जॉइंट, शाफ्ट, डिफरन्शिअलचे दात आणि गिअरबॉक्सचं आवरण या सगळ्यांवर तो घाव जातो. सुरू झाल्यावर "पुढे जाऊन थांबेल" म्हणून रेस धरून ठेवणं हा सर्वात महागडा निर्णय. पाय उचला. फेरी गेली तर जाऊ दे.

गॅरेजमध्ये तीन ठिकाणी बघा. पहिलं, इंजिनाखालचं टॉर्क माउंटिंग, ज्याला बरेच मेस्त्री डॉगबोन म्हणतात. त्यातलं रबर फाटलं किंवा मऊ पडलं की इंजिन पुढे-मागे डोलतं आणि हॉपची सुरुवात तिथूनच होते. बॉनेट उघडं ठेवून, एकाला ब्रेकवर पाय ठेवून हलकी रेस द्यायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघा. समोर उभं राहू नका. या माउंटिंगसाठी पॉलियुरेथेनचा कडक तुकडा मिळतो, स्वस्त असतो, आणि हॉपवर पैशाच्या मानाने त्याच्याइतका गुण दुसऱ्या कशाचा येत नाही. केबिनमध्ये थोडी थरथर वाढते. डिझेलची सवय असलेल्याला ती कळतही नाही.

दुसरं, लोअर आर्मचे मागचे बुश. आपल्या खड्ड्यांत ते पन्नास-साठ हजार किलोमीटरात चिरतात. पाना घालून हलवून बघा. तिसरं, शॉकअ‍ॅब्सॉर्बर. गळका शॉक चाकाची उसळी थोपवत नाही. हे तिन्ही ठीक असूनही हॉप येत असेल, तर हवा दोन पीएसआयने वाढवून बघा. फार कमी हवेत टायरची भिंतच स्प्रिंगसारखी वागते आणि हॉपला निमंत्रण देते.

वजन आणि बसकण

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागचं वजन काढलं की दुहेरी फायदा: गाडी हलकी होते आणि पुढच्या चाकांवरचा वाटा टक्केवारीने वाढतो. स्टेपनी, जॅक, डिकीतला सबवूफर, मागच्या सीटवरचं सामान, सगळं उतरवून ठेवा. पेट्रोलची टाकी मागे असते, म्हणून पाव टाकीवर धावा. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत मात्र भरलेली टाकी लाँचला थोडी मदतच करते.

खाली दाबलेल्या गाड्यांची आणखी एक अडचण असते. स्प्रिंग कापून किंवा कॉइलओव्हर घालून गाडी बसवली की पुढच्या चाकांचा कॅम्बर वाढतो, चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेवर उभा राहतो. लाँचमध्ये नाक उठल्यावर हे थोडं सरळ होतं, पण पूर्ण नाही. अलाइनमेंटवाल्याला टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) शून्याच्या जवळ आणि कॅम्बर कंपनीच्या मर्यादेत आणायला सांगा. शॉकला रिबाउंडचा (शॉक किती वेगाने उलगडतो ते ठरवणारा) पेच असेल, तर पुढे तो घट्ट करा म्हणजे नाक उशिरा उठेल, मागे बसकण कमी करायला घट्ट स्प्रिंग. वजनाचं सरकणं थांबत नाही, ते भौतिकशास्त्र आहे. पण ते हळू आणि सावरून झालं की टायर सुटत नाही.

मागची चाकं ढकलणाऱ्यांना उलट. तिथे वजन मागे येतं तेच हवं असतं, म्हणून पुढचा रिबाउंड सैल, मागचं थोडं मऊ, हवा कमी करायची ती मागे. पन्नास-पन्नास वजनाची अशी गाडी त्याच ०.९ च्या टायरवर ०.५५ जी (गुरुत्वाच्या ०.५५ पट) पर्यंत जोर धरते, आपली पुढची ओढणारी ०.४६ ला थांबते. चारही चाकं चालणाऱ्यांना हा लेख वाचायची फारशी गरज नाही.

रेषेवर उभं राहताना

दोन दिवे असतात: प्री-स्टेज आणि स्टेज. पहिला लागल्यावर पूर्ण थांबा, मग इंच-इंच सरकून दुसरा नुकताच लागेल तिथे उभे राहा. घड्याळ सुरू होतं ते पुढचं चाक स्टेजचा किरण सोडतं तेव्हा, त्यामुळे काठावर उभ्या गाडीला जवळपास एक फूट विनाघड्याळ धावायला मिळतं. थांबलेल्या गाडीला हा एक फूट तीन दशांशांच्या आसपास देऊन जातो. फार पुढे गेलात आणि प्री-स्टेज विझला की हे सगळं गमावलं. हिरव्याला तुम्ही किती लवकर निघालात याचा एकूण वेळेशी संबंध नाही, ती प्रतिक्रिया वेगळी मोजली जाते. म्हणून सरावाच्या फेरीत दिव्यावर घाई करण्यात अर्थ नाही. स्टिअरिंग सरळ आहे ना एवढं बघा आणि पायाकडे लक्ष द्या. वळलेली चाकं पकडीचा काही भाग वळण्यातच घालवतात.

एका फेरीत एकच गोष्ट बदला. हवा, लाँचचा आरपीएम, ट्रॅक्शन कंट्रोल, तिन्ही एकदम बदलून आकडा सुधारला तरी कशाने ते कळत नाही. फेरीमागे हवा, आरपीएम आणि ६० फुटांचा वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

एवढं सगळं करून ६० फूट २.३-२.४ वर अडकले, तर पुढचा खर्च कशावर? माझं मत टायर. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) उत्तम वस्तू आहे, पण ती बसवायला गिअरबॉक्स उघडावा लागतो, आणि दोन्ही चाकं समान पकडीवर असताना सरळ लाँचमध्ये तिचा फायदा मर्यादितच. एक काळा पट्टा वारंवार उमटत असेल तरच तिच्याकडे वळा.

हा सराव कुठे करायचा, याचंही उत्तर एकच आहे: आयोजित धावपट्टीवर. सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, मग तो रात्री दोनचा रिकामा बायपास का असेना. आयोजित स्पर्धेतही तुमची नेहमीची मोटार विमा पॉलिसी लागू नसते. शर्यत आणि वेगचाचणी तिच्या वापराच्या मर्यादांमध्येच वगळलेली असते. गाडी बँकेच्या कर्जावर असेल, तर पॉलिसीतलं हे कलम लाँच शिकण्याआधी वाचा. आणि परत निघताना चारही टायरांतली हवा कंपनीच्या आकड्यावर आणून, चाकांचे नट पान्याने एकदा आवळून मगच घाट उतरायला घ्या.